नागपूरहून व्यावसायिक बॅडमिंटनकडे: गुण, पैसा, शटल आणि गुडघे

व्यावसायिक बॅडमिंटनमध्ये मॅच फी नसते. स्पर्धेला स्वतःच्या, पुरस्कर्त्याच्या किंवा संघटनेच्या खर्चाने जायचं, जितक्या फेऱ्या जिंकल्या तितकं बक्षीस घ्यायचं आणि सोबत मिळालेल्या रँकिंग गुणांवर पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळवायचा, असा हा व्यवसाय आहे. बक्षिसाचे आकडे पेपरात येतात. गुणांचं गणित येत नाही. पालकांना ते बहुधा मूल सतरा-अठराचं झाल्यावर कळतं, आणि तोवर दोन हंगाम भलत्याच स्पर्धांवर खर्ची पडलेले असतात. या लेखाचा भर त्या गणितावर, खर्चावर आणि नागपूरच्या हवेत सराव करणाऱ्याला जे वेगळं सांभाळावं लागतं त्यावर आहे.

हे शहर मोठ्या बॅडमिंटनला नवखं नाही. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात नोव्हेंबर २०१७ मध्ये ८२वी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालने पी. व्ही. सिंधूला २१-१७, २७-२५ असं हरवलं, पुरुषांमध्ये एच. एस. प्रणॉय किदांबी श्रीकांतला हरवून विजेता ठरला. तो दर्जा घराजवळ पाहिलेली मुलं इथे आहेत. त्यांच्या आणि त्या दर्जाच्या मधला रस्ता मात्र फार कमी जण नीट समजावून सांगतात.

दोन वेगळ्या रांगा

शाळेकडून खेळायच्या स्पर्धा आणि बॅडमिंटन संघटनेच्या स्पर्धा या दोन स्वतंत्र रांगा आहेत. पहिली गल्लत इथेच होते. शालेय स्पर्धा क्रीडा कार्यालय घेतं: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, आधी जिल्हा, मग विभाग, राज्य आणि राष्ट्रीय. त्यांचा उपयोग दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी होतो, वरच्या पातळीवर पदक आलं तर पुढेही होतो. देशाच्या रँकिंगमध्ये मात्र त्यांची नोंद होत नाही. त्यासाठी जिल्हा संघटना, महाराष्ट्र बॅडमिंटन संघटना आणि भारतीय बॅडमिंटन संघटना ही दुसरी रांग धरावी लागते. इथले गट १३, १५, १७, १९ वर्षांखालील आणि मग वरिष्ठ. भारतीय संघटनेकडे नोंदणी करून क्रमांक घेतल्याशिवाय अखिल भारतीय रँकिंग स्पर्धेत नाव जात नाही. जन्मदाखल्यावरची नोंदणीची तारीख बारकाईने पाहिली जाते, आणि वय चोरल्याचं उघड झालं तर बंदी येते.

वयोगट १ जानेवारीच्या हिशोबाने ठरतो. त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेल्या मुलाला डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराची उंची आणि ताकद जास्त असते. तेराखालच्या गटात हा फरक एवढा मोठा असतो की तिथल्या पदकांवरून भविष्य वर्तवूच नये. त्या वयात जिंकणारी बरीच मुलं फक्त शटल उंच मागे टाकत राहतात आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघतात. सतराव्या वर्षी समोरचा चूक करत नाही. तेव्हा नेटजवळचं कसब आणि मागच्या कोपऱ्यातून सुटायचं फुटवर्क नसेल तर खेळ तिथेच अडतो.

रँकिंग स्पर्धांची पात्रता फेरी हा वेगळाच अनुभव असतो. ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याची मांडणी) मोठा, एका दिवसात दोन-तीन सामने, वेळेचा भरवसा नाही. पोटभर खाणं सामन्याच्या अडीच-तीन तास आधी संपलेलं असावं आणि मधल्या वेळात केळं, चिक्की, मीठ-साखरेचं पाणी असं थोडं थोडं चालू ठेवावं. तर्री-पोहे नागपूरकराच्या जिवाभावाचे आहेत, पण ते शेवटच्या सामन्यानंतर. तेल आणि तिखट पोटात असताना तिसरा गेम खेळवत नाही.

५२ आठवडे, दहा निकाल

जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या रँकिंगमध्ये मागच्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धा धरतात आणि त्यातल्या सर्वाधिक गुणांच्या दहा निकालांची बेरीज करतात. दहापेक्षा कमी स्पर्धा खेळल्या असतील तर सगळ्यांची बेरीज. ५२ आठवडे उलटले की तो निकाल गळून पडतो.

स्पर्धांचे दर्जे खालून वर असे: फ्यूचर सीरीज, इंटरनॅशनल सीरीज, इंटरनॅशनल चॅलेंज, आणि त्यावर वर्ल्ड टूर या महासंघाच्या वरच्या मालिकेतल्या सुपर १००, ३००, ५००, ७५० आणि १०००. विजेत्याला त्याच क्रमाने १७००, २५००, ४०००, ५५००, ७०००, ९२००, ११००० आणि १२००० गुण मिळतात. ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद या सगळ्यांच्या वर.

आता यातला खरा मुद्दा पाहा. सुपर ३०० च्या मुख्य ड्रॉमध्ये पहिल्याच सामन्यात हरणाऱ्यालाही १६७० गुण मिळतात. म्हणजे फ्यूचर सीरीजची अख्खी स्पर्धा जिंकणारा त्याच्यापेक्षा फक्त ३० गुणांनी पुढे. इंटरनॅशनल चॅलेंजमध्ये शेवटच्या सोळात हरलं तर १५२०, उपांत्यपूर्व फेरीत हरलं तर २२००. वरच्या दर्जाच्या ड्रॉमध्ये शिरता येणं हेच मोठं भांडवल आहे, आणि खालच्या स्पर्धा त्या दारापर्यंत पोचण्यापुरत्याच खेळायच्या असतात.

दार कसं उघडतं? नाव खेळाडू परस्पर पाठवत नाही, राष्ट्रीय संघटनेमार्फत जातं. स्पर्धेच्या काही आठवडे आधीच्या एका ठरलेल्या तारखेचं रँकिंग बघून यादी लागते. सुपर ३०० च्या एकेरीत मुख्य ड्रॉ ३२ जणांचा. त्यात साधारण २८ जण थेट येतात, ४ पात्रता फेरीतून. बाकीचे राखीव यादीत, कुणी माघार घेतली तर वर सरकणारे. यातून एक गोष्ट ठरते: आज जिंकलेल्या स्पर्धेचा फायदा पुढच्या आठवड्यात मिळत नाही, महिना-दीड महिन्याने मिळतो. म्हणून वेळापत्रक किमान तीन महिने पुढचं आखावं लागतं. यादी लागल्यानंतर माघार घेतली तर दंडही भरावा लागतो.

एक उदाहरण करून बघू. समजा एका मुलीने वर्षात आठ इंटरनॅशनल चॅलेंज स्पर्धा खेळल्या. दोनदा उपांत्यपूर्व फेरी (२२००), तीनदा शेवटच्या सोळात (१५२०), तीनदा पहिल्या फेरीत पराभव (९२०). बेरीज ११,७२०. दहापैकी दोन जागा अजून रिकाम्या आहेत. तिथे इंटरनॅशनल सीरीजच्या दोन उपांत्य फेऱ्या (प्रत्येकी १७५०) भरल्या की १५,२२०. या टप्प्यावर खालच्या दर्जाच्या स्पर्धा खेळणं शहाणपणाचं होतं, कारण रिकाम्या जागेत आलेला प्रत्येक गुण थेट बेरजेत जातो. अकराव्या स्पर्धेपासून हिशोब पालटतो. आता नवा निकाल सगळ्यात कमकुवत निकालाची, म्हणजे ९२० ची, जागा घेतो. चॅलेंजमध्ये शेवटच्या सोळात पोचून १५२० मिळाले तरी प्रत्यक्ष वाढ ६०० ची. पहिल्या फेरीत हरली तर वाढ शून्य आणि खर्च पूर्ण. तरीही बरेच खेळाडू याच दर्जाच्या स्पर्धा वर्षानुवर्षं खेळत राहतात आणि रँकिंग का हलत नाही म्हणून हैराण होतात. अकराव्या स्पर्धेपासून एक पायरी वरची पात्रता फेरी खेळणं जास्त कामाचं.

दुसरी अडचण गळतीची. चांगले निकाल सगळे दोन महिन्यांत आले असतील तर पुढच्या वर्षी त्याच दोन महिन्यांत ते एकदम गळतात. नेमकी त्या वेळी दुखापत झाली तर साठ-सत्तर क्रमांकांची घसरण सहज होते. वर्षभरात निकाल पसरलेले असावेत, यासाठी सुद्धा वेळापत्रक आखायचं.

हा प्रवास किती लांबीचा असतो, याचं नागपूरचंच उदाहरण मालविका बनसोड. २०१९ मध्ये तिने मालदीवची फ्यूचर सीरीज आणि नेपाळची इंटरनॅशनल सीरीज जिंकली. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायनाला हरवलं आणि लगेच लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत, म्हणजे सुपर ३०० मध्ये, अंतिम फेरी गाठली. तिथे सिंधूकडून हरली. २०२४ च्या सुरुवातीला अझरबैजानची इंटरनॅशनल चॅलेंज स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या हायलो ओपनची, पुन्हा सुपर ३०० ची, अंतिम फेरी. मोठं नाव हरवून झाल्यावर दोन वर्षांनीही ती चॅलेंज दर्जाची स्पर्धा खेळत होती. यात कमीपणा काही नाही. रँकिंग असंच बांधलं जातं.

दुहेरीत रँकिंग जोडीचं असतं. जोडीदार बदलला की नव्या जोडीला बेरीज जवळपास पहिल्यापासून उभी करावी लागते. रागाच्या भरात जोडी फोडण्याआधी हा हिशोब मांडून बघावा.

पैसा कुठे जातो, कुठून येतो

सुपर १००, ३०० आणि ५०० मध्ये एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षीस रकमेच्या ७.५ टक्के मिळतात, उपविजेत्याला ३.८, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला १.४५, उपांत्यपूर्वमध्ये ०.६ आणि शेवटच्या सोळात ०.३५ टक्के. एकूण बक्षीस २ लाख ४० हजार डॉलर असलेल्या सुपर ३०० मध्ये विजेत्याचे १८ हजार डॉलर होतात आणि शेवटच्या सोळात हरणाऱ्याचे ८४०. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ते साधारण ७१ हजार रुपये, यजमान देशाचा कर कापायच्या आधी. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला गुण मिळतात, पैसा मिळत नाही.

खालच्या पायरीवर चित्र आणखी कडक आहे. १५ हजार डॉलरची इंटरनॅशनल चॅलेंज घ्या. ही रक्कम पाच प्रकारांत (दोन एकेरी, तीन दुहेरी) वाटली जाते. एका प्रकाराच्या वाट्याला सरासरी ३ हजार डॉलर, म्हणजे अडीच-पावणेतीन लाख रुपये, आणि त्यातलाही एक हिस्साच विजेत्याचा. दोन आठवड्यांच्या युरोप दौऱ्याला विमान, व्हिसा, बारा रात्रींचं हॉटेल आणि जेवण धरून काटकसरीने गेलं तरी दोन लाखांच्या वर जातात. प्रशिक्षक सोबत नेला तर दुप्पट. म्हणजे या पातळीवर स्पर्धा जिंकूनही दौरा तोट्यात जाऊ शकतो. हा तोटा साधारण तीन ते पाच वर्षं सोसावा लागतो, हे सुरुवातीलाच घरात बसून मान्य केलेलं बरं. तोटा कमी करायचा एक मार्ग म्हणजे लागून असलेल्या दोन-तीन देशांतल्या स्पर्धा एकाच दौऱ्यात घेणं आणि दोन-तीन खेळाडूंनी एकच प्रशिक्षक वाटून घेणं. युरोपात शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेतला की मध्ये इंग्लंडला जाऊन परतता येत नाही. अर्ज करतानाच पुढच्या तीन महिन्यांच्या सगळ्या स्पर्धा दाखवून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा.

येणारा पैसा असा: खेलो इंडियासाठी निवड झालेल्याला महिना १० हजार रुपये हातखर्च आणि प्रशिक्षणाचा खर्च; ऑलिंपिक पदकाच्या तयारीसाठी असलेल्या केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेच्या डेव्हलपमेंट गटात महिना २५ हजार, मुख्य गटात ५० हजार. रॅकेट कंपनीचा पहिला करार बहुधा रोख पैशांचा नसतो, रॅकेट, शूज, कपडे आणि गटिंगच्या (रॅकेटला विणायच्या) तारा एवढ्याचाच असतो. तोही मोठा आधार आहे. रोख रकमेचे करार वर्ल्ड टूरवर नियमित दिसायला लागल्यावरच.

नागपूरचा उन्हाळा आणि शटल

पिसांच्या शटलला १६ पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेच शटल मे महिन्यात जास्त लांब जातं. म्हणून शटलच्या नळीवर वेगाचा आकडा असतो: ७५, ७६, ७७ असा. आकडा जितका मोठा तितकं शटल वेगवान. तापमान ४५ अंशांकडे जातं तेव्हा ७५ किंवा ७६ लागतं, जानेवारीत ७७ किंवा त्याहून वरचं. तपासायची रीत नियमातच दिली आहे. मागच्या सीमारेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर मारायचं. पलीकडच्या मागच्या सीमारेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर आत पडलं तर वेग बरोबर. दोन्ही टोकांकडून मारून बघावं.

खर्च वाचवायला काही ठिकाणी हिवाळ्यातल्या उरलेल्या नळ्या उन्हाळ्यात चालवतात. मग प्रत्येक टॉस, म्हणजे उंच मागे टाकलेला फटका, बाहेर जातो, आणि खेळाडू नकळत हात आखडता घेतो. महिन्याभरात ती सवय अंगात मुरते. हाच खेळाडू थंड वातानुकूलित हॉलमध्ये उतरला की त्याचे टॉस अर्ध्या कोर्टात पडतात आणि समोरचा स्मॅश मारून मोकळा होतो. खेळ बिघडल्यासारखा वाटतो. बिघडलेला असतो तो सरावातला शटलचा आकडा.

विदर्भाच्या कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात आणि चार-पाच स्मॅशमध्ये तुटतात. यावर वाफ देणं हा खात्रीचा उपाय आहे. नळीची दोन्ही झाकणं काढायची. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पिसांच्या बाजूचं तोंड धरून दहा-पंधरा सेकंद वाफ आत जाऊ द्यायची, झाकणं लावून नळी रात्रभर आडवी ठेवायची. बुचाला वाफ लागू द्यायची नाही, ओलं बूच जड होऊन शटलचा तोल बिघडतो. वाफ जास्त झाली तर पिसं पसरतात आणि शटल मंद होतं. म्हणून वाफ दिलेली नळी पुन्हा वरच्या रीतीने तपासायची.

हॉलमध्ये कूलर लावता येत नाही. वाऱ्याने शटल वाहतं आणि ओलाव्याने मॅट निसरडी होते. त्यामुळे एप्रिल-मे-जूनमध्ये पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी सातनंतर, एवढ्याच वेळा उरतात. सरावाआधी आणि नंतर वजन करावं. जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी, मीठ घालून, पुढच्या काही तासांत पोटात जायला हवं. तार ताणलेली रॅकेट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली की ताण उतरतो. आणि खेळताना एक तार तुटली की लगेच बाकीच्या कापून टाकायच्या, नाहीतर एका बाजूच्या ओढीने फ्रेम वाकते किंवा तडकते. ताण किती हवा, हा हट्टाचा विषय होऊन बसला आहे. बारा वर्षांच्या मुलाला २० ते २२ पौंड भरपूर आहेत. मोठ्या खेळाडूंचे २८-३० पौंड ऐकून लहान हातात तसं गटिंग दिलं तर शटल नीट जात नाही, मूल खांद्याने ढकलायला लागतं आणि खांदा धरतो.

शरीर

एकेरीतली रॅली सरासरी दहा सेकंदांच्या आतबाहेर चालते आणि मध्ये साधारण दुप्पट विश्रांती मिळते. सामना तासभर चालला तरी असे स्फोट पुन्हा पुन्हा करायचे असतात. अंबाझरी तलावाला रोज दहा किलोमीटर धावून दम वाढतो, पण हा विशिष्ट दम त्याने तयार होत नाही. तो कोर्टवर, मल्टी-शटलने, म्हणजे एकामागून एक टाकलेली शटल मारत राहून, तयार होतो: २०-२५ शटल सलग, मग दुप्पट वेळ विश्रांती, असे संच.

बारा ते पंधरा या वयात हाडं झपाट्याने वाढतात आणि गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखायला लागतं. ते सहन करत खेळवू नये, आणि खेळ पूर्ण बंद करायचीही बहुधा गरज नसते. उड्या आणि खोल लंज (एक पाय लांब पुढे टाकून वाकणं) काही आठवडे निम्म्यावर आणावे, मांडीचे व्यायाम चालू ठेवावे, आणि दुखणं दुसऱ्या सकाळीही टिकलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. मोठ्या वयात घोटा, टाचेचा स्नायुबंध, खांदा आणि गुडघ्यातला लिगामेंट हे धोक्याचे भाग. लिगामेंट तुटला तर सहा-नऊ महिने जातात, कधी वर्ष. स्पेनची खेळाडू कॅरोलिना मारिन हिला २०१९, २०२१ आणि २०२४ अशी तीनदा ही दुखापत झाली. तिसरी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, ती पुढे असताना. बहुतेक वेळा असा गुडघा धक्का न लागता जातो. थकलेल्या पायावर एकट्याने उतरताना गुडघा आत वळतो. म्हणून एका पायावर उतरून स्थिर होण्याचा सराव चौदाव्या वर्षापासून, आठवड्यातून तीनदा हवा.

औषधांचं भान लहानपणीच लावावं. उत्तेजक चाचणी राष्ट्रीय स्पर्धेतही होते, वयाने लहान खेळाडूचीही होते. सर्दीचं साधं औषध किंवा जिमवाल्याने दिलेली पावडर यातूनही बंदी येऊ शकते. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. डॉक्टरांना दर वेळी आपण खेळाडू आहोत हे सांगावं आणि चिठ्ठी जपून ठेवावी.

शहर कधी सोडायचं, नोकरी कधी धरायची

सतराव्या वर्षापर्यंतचा पाया नागपुरात पक्का होऊ शकतो. पुढे अडचण प्रशिक्षकापेक्षा सोबत्यांची असते. रोज आपल्याला हरवणारे चार-पाच जण समोर नसतील तर खेळ थांबतो. हैदराबाद, बंगळुरू, गुवाहाटी इथली केंद्रं त्यासाठी. मालविकाची तयारी रायपूरला झाली, नागपूरपासून साधारण तीनशे किलोमीटर. म्हणजे दूर आणि नावाजलेलंच केंद्र हवं असं नाही. केंद्र निवडताना एकाच गोष्टीची चौकशी पुरे आहे: तिथे आपल्या मुलाच्या तोडीचे किंवा वरचे किती जण रोज खेळतात, आणि त्यांच्याबरोबर त्याला आठवड्यात किती सत्रं मिळतील. भिंतीवरचे फोटो बघून प्रवेश घेतला आणि चौथ्या गटात सराव मिळाला, तर फी भरून फक्त शहर बदललं असं होतं.

नोकरी हा करिअरचाच भाग आहे. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, विमानतळ प्राधिकरण, आयकर अशा ठिकाणी खेळाडूंची भरती होते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. नोकरी लागली की पगार सुरू होतो आणि सरावासाठी सवलत मिळते, बरेच वरिष्ठ खेळाडू याच आधारावर दौरे करतात. रेल्वेच्या खेळाडू कोट्यात वयाची अट १८ ते २५ असते, आणि कामगिरी अलीकडच्या दोन-अडीच वर्षांतली लागते. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेचं आणि ठरलेल्या नमुन्यात हवं, ते स्पर्धा झाल्याबरोबर मागून घ्यावं. दुखापतीने दीड-दोन वर्षं गेली तर जुन्या पदकाची मुदत उलटते. म्हणून या जाहिरातींवर नजर विसाव्या-एकविसाव्या वर्षी, रँकिंग वर चढत असतानाच ठेवायची.